नखं कापलेल्या पोरी

दिवस उजाडतो संध्याकाळी

कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटात दिवस संध्याकाळी उजाडतो. बाकीच्या शेतांतून माणसं घराकडे वळतात तेव्हा इथे बाया आणि पोरी ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी आजच हेरायची, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख रोवायचं आणि पाकळ्या आतल्या पिवळ्या भुकटीसकट एका झटक्यात सोलून टाकायच्या. मागे उरते एक नागडी पांढरी काडी. तिला लाल दोरा बांधायचा. सकाळी पलीकडच्या तुकड्यातली नर-फुलं खुडून आणायची आणि या काड्यांवर घासायची. तेव्हा कुठे मालकाला हवं ते बी धरतं. एखादी कळी नजरेतून सुटली आणि आपली आपण उमलली, तर तिचं बी कवडीमोल. म्हणून या तुकड्यात फूल फुलत नाही. फुलू द्यायचं नाही, त्याचीच मजुरी.

हत्यार एकच, अंगठ्याचं नख. ते वाढवायचं, जपायचं, कापायचं नाही. हळूहळू ते काळंहिरवं होतं, टणक होतं, पोपटाच्या चोचीसारखं वळतं. मालक म्हणायचा, मोठ्या बायकांचे हात राकट, कळीची मान मोडतात. पोरींचे हात कसे, कळीला कळतही नाही. शिवाय पोरींना वाकावं लागत नाही, कळी डोळ्यांसमोर येते. आणि हे काय काम आहे का, फुलांशी खेळणं आहे. त्याची स्वतःची लेक एकदा गाडीतून उतरून ओळीत आली होती, तेव्हा पानांवर औषध मारलंय म्हणून ओरडून त्यानं तिला परत गाडीत बसवलं होतं.

काटकीच्या आईनं हे सगळं ऐकलं होतं, पाहिलं होतं आणि गिळलं होतं. गिळण्यात तिचा हात कुणी धरला नसता. नवऱ्याचं बोलणं गिळायची. औषध मारून त्याची छाती गेली होती, त्यामुळे तो फार बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते गिळायलाच लागायचं. मुकादमिणीचं तर रोजच. मुकादमिणीला सगळ्या अक्का म्हणत. ती कुणाचीच अक्का नव्हती.

एकदाच तिनं गिळलं नाही. हंगामाच्या आधी निवासी शाळेची बाई दारात आली होती, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. कामावर गेलेल्या मुलांसाठी शाळा आहे, बाई म्हणाली, राहणं-जेवण तिथेच. एक वर्ष तिथे शिकली की वयाप्रमाणे नेहमीच्या शाळेत बसेल. नवरा म्हणाला, शिकून काय कलेक्टर होणार आहे? अक्का म्हणाली, पाखरू एकदा उडालं की फांदी विसरतं. काटकीच्या आईनं लेकीचे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि पोरीला बाईच्या हवाली केलं. काटकी म्हणजे काटकीच होती, अकरा वर्षांची आणि वाळक्या फांदीसारखी, जाताना मागे वळूनही बघितलं नाही तिनं. आईला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

यंदा पावसानं ताण दिला आणि मग एकदम कोसळला. सगळी झाडं एकाच वेळी कळीला आली. हात पुरेनात. अक्का ओळींच्या तोंडाशी उभी राहून कोकलायची की कळी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. मग एका संध्याकाळी मालकाची गाडी नव्या पोरी घेऊन आली.

त्या कुठल्या, हे कुणाला कळलं नाही. मळकट पुरुषी सदरे घातलेल्या आणि सदऱ्यांच्या खाली सगळ्यांचे फ्रॉक एकाच निळ्या रंगाचे. प्लॉटाच्या टोकाला खतांच्या पत्र्याच्या खोलीत त्यांना झोपवायचे. काटकीची ओळ ओस पडली होती, तिथे एक दोन वेण्यांची पोरगी आली. तिला काम येत होतं. नजर बरोबर कळीवर जायची. पण नख नव्हतं. अंगठ्याचं नख मांसापर्यंत कापलेलं. ती बोटाच्या टोकानं कळी फोडायला बघायची, नाही जमलं की दातानं. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याची कड सोलवटली, तिसऱ्या दिवशी तिनं त्यावर चिंधी गुंडाळली. सगळ्याच नव्या पोरींच्या अंगठ्यांवर चिंध्या होत्या.

अक्काचा जीव जळायचा. कुण्या शहाण्यानं यांची नखं कापली, ती म्हणायची, बैलाची शिंगं कापून नांगराला जुंपलाय.

काटकीच्या आईनं पोरीला विचारलं, कुठली गं तू? पोरीनं अक्काकडे बघितलं आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

त्याच संध्याकाळी अक्का ओळीतून वाट काढत आली, चेहऱ्यावर सण असल्यासारखी.

"तुझ्या लेकीच्या शाळेतून निरोप आलाय. घेऊन जा म्हणतात. दिवे लावलेत पोरीनं. सगळी बाग उजाड केली."

अक्काला हा निरोप कुणी दिला, हा प्रश्न काटकीच्या आईला तेव्हा पडला नाही. नाक कापलं गेलं, एवढंच कळलं. आजूबाजूच्या बायकांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"बरं झालं," अक्का म्हणाली. "हंगाम चालू आहे. आण तिला. आणि तू जाशील तेव्हा धाकटीला पाठव ओळीत, जागा रिकामी नको."

रस्त्याला लागल्यावर ती जे बोलली, मनातल्या मनात

तुझ्यासाठी मी त्या माणसाशी महिनाभर बोलले नाही. तुझ्यासाठी अक्कानं मला मधली ओळ काढून बांधाकडची ओळ दिली, जिथे गवतात साप असतात. मी म्हटलं असू दे. तुला शिकवायला पाठवलं होतं, दुसऱ्याची बाग उपटायला नाही. काय कमी होतं तुला तिथे? पोटाला मिळत होतं ना? औषधाचा वास नव्हता ना? मग हात का लावलास? कुठे कुठे तोंड दाखवू मी? अवदसा. आता ये घरी. आता सोल कळ्या जन्मभर, म्हातारी होईपर्यंत सोल, नख झिजून बोटाचं हाड लागेपर्यंत सोल.

(एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय गं पोरी, कुणाशी भांडतेस? ती म्हणाली, कुणाशी नाही.)

ये घरी. थोबाड फोडते तुझं.

थोबाड

ते तिनं पोचल्या पोचल्या फोडलं.

काटकी फाटकाशीच उभी होती. निळ्या फ्रॉकमध्ये. तेल लावलेले केस. थोडी भरली होती अंगानं, गाल आले होते. आईनं तो आलेला गाल बघितला आणि त्याच्यावर दिली. आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण अधीक्षक साहेब लगेच बाहेर आले. पोरगी रडली नाही. तिला मार नवा नव्हता, जागा तेवढी नवी होती.

साहेबांनी घाई केली नाही. आधी चप्पल घातली, मग चष्मा पुसला, मग म्हणाले, या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शाळेच्या मागे भेंडीची बाग होती. चांगली वाढलेली, हिरवीगार, कमरेइतकी. आणि एकाही झाडाला एक भेंडी नाही. प्रत्येक देठाच्या टोकाशी नुसती एक पांढरी काडी, सुकून काळी पडलेली. खाली मातीत सोललेल्या पाकळ्यांचा चुरा.

साहेब बोलत राहिले. परवा मोठे पाहुणे येणार आहेत. या शाळेला जे मदत देतात तेच. त्यांना मुलींनी फुलवलेली बाग दाखवायची ठरली होती. आता काय दाखवू? पोरीला विचारलं तर तोंड उघडत नाही. रोज संध्याकाळी गुपचूप येते आणि हा उद्योग करते. दोनदा कोंडून ठेवली. खिडकीतून आली. वळण नसलं की असं होतं. आम्ही कितीही केलं तरी घरचं जे असतं ते असतंच. तुम्हाला राग येऊ नये, पण काही मुलं शिकायला जन्मलेलीच नसतात.

काटकीची आई खाली मान घालून ऐकत होती. हो साहेब. बरोबर साहेब. चुकलं साहेब. ऊन कललं होतं. झाडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि उद्याच्या कळ्या टोकाशी ताठ झाल्या होत्या.

साहेब मध्येच थांबले. तिच्या हाताकडे बघत होते.

तिनं खाली बघितलं. तिच्या मुठीत पाकळ्या होत्या. तिच्या समोरच्या झाडाची कळी सोललेली होती. तिच्या शेजारची पण. ती हो साहेब म्हणत होती आणि तिचा अंगठा आपलं काम करत होता.

पोरीनंही ते बघितलं.

काटकीच्या आईनं मूठ उघडली. पाकळ्या पडल्या. तिला वाटलं आता आपण ओरडू, पण कुणावर ते कळेना. ती खाली बसली. तिथेच वाफ्यात, ओल्या मातीत.

"कधीपासून होतं तुला असं?" तिनं पोरीला विचारलं.

"ऊन कललं की," काटकी म्हणाली. "हात उठतात. मी नाही उठवत."

रिकाम्या गाद्या

बाईनं तिला आत नेलं, पाणी दिलं. तीच बाई, जी दारात आली होती. आता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मुलींची खोली लांब होती. दोन्ही बाजूंना गाद्या. उशांवर घडी घातलेल्या चादरी. चार-दोन बारक्या मुली कोपऱ्यात गोट्या खेळत होत्या. बाकी खोली ओस. काटकीच्या आईला आधी वाटलं की सगळ्या बाहेर खेळत असतील. पण बाहेरही कुणी नव्हतं. आणि चादरींच्या घड्यांवर धूळ होती.

"बाकीच्या कुठे गेल्या गं?"

काटकी बाईकडे बघत होती. बाई खिडकीकडे.

"गाडीतून गेल्या," काटकी म्हणाली. "कळ्यांना. साहेबांनीच पाठवल्या. मला नाही नेलं."

"का?"

"तू असशील ना तिथे. तू बघशील."

काटकीच्या आईनं पोरीचा हात ओढून घेतला. अंगठा उलटा केला. नख कापलेलं, स्वच्छ, गुलाबी, मांसापर्यंत. इथे आल्या दिवशी कापलं होतं, दर आठवड्याला कापायचे. त्या गुलाबी नखाकडे बघताना तिच्या डोळ्यांसमोर चिंध्या आल्या. दोन वेण्यांची पोरगी, सदऱ्याखालचा निळा फ्रॉक, दात. मालकाची गाडी. अक्काकडे आलेला निरोप.

शिकवायला आणायच्या, नखं कापायची आणि ऐन हंगामात पुन्हा प्लॉटावर पाठवायच्या, बिनानखाच्या. सरकारच्या पुस्तकात त्या वर्गात बसलेल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांत त्या बाग फुलवणाऱ्या. आणि मालकाच्या ओळीत त्या दातानं कळ्या फोडणाऱ्या. एकाच पोरीवर किती जणांनी जेवावं!

तिला आठवलं की आपण या पोरीला मारलं, फाटकात, सगळ्यांसमोर. आणि साहेब तेव्हा चप्पल घालत होते.

सौदा

ती साहेबांच्या खोलीत गेली. बस म्हणायच्या आधी बसली.

"मी पोरीला नेणार नाही," ती म्हणाली.

साहेबांनी समजावलं. हंगामापुरती न्या, नंतर आणा. बाकीच्यांचे पालकही आपणहून नेतात, आम्ही काही कुणाला बांधून ठेवत नाही.

"बाकीच्यांना मी रोज बघते, साहेब. माझ्या शेजारच्या ओळीत. त्यांचे पालक मला दिसले नाहीत. गाडी दिसली."

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी तो बंद केला, कशाला कुणास ठाऊक.

"परवा पाहुणे येणार म्हणालात," ती म्हणाली. "बागेचं काय दाखवू म्हणत होता ना. हीच दाखवा. सांगा, हे एका पोरीच्या अंगठ्यानं केलंय, तिला तो आवरत नाही. नाहीतर मीच बसते फाटकाशी. मीच सांगते."

इथे साहेबांचा आवाज बदलला. मऊ झाला. माणसाचा आवाज असा मऊ झाला की समोरच्यानं आपला खिसा चाचपावा. ते म्हणाले, ताई, तुमची मुलगी हुशार आहे. तिला कुणी हात लावणार नाही. राहू दे इथे, वर्षभर, पुढचंही वर्ष. मी स्वतः बघतो. तुम्ही फक्त काही पाहिलेलं नाही. गावी जा, कामाला लागा. पाहिलंत का काही?

काटकीच्या आईनं दाराकडे बघितलं. दारात काटकी उभी होती, हात मागे बांधून, आपल्या हातांना आपणच धरून.

"नाही," ती म्हणाली. "नाही पाहिलं."

असा सौदा झाला. आपली पोरगी आत, दुसऱ्याच्या पोरी बाहेर. त्यात तिनं घासाघीसही केली नाही.

त्या रात्री ती काटकीच्या शेजारच्या गादीवर झोपली. सकाळी उठली तर काटकी म्हणाली, ही दोन वेण्यांवालीची गादी.

एसटीच्या थांब्यापाशी

सकाळी बाई तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्याशी आल्यावर म्हणाली की माझं काही चालत नाही हो, साहेबांच्या हातात सगळं असतं, मलाही नोकरी आहे, घरी सासू आजारी असते.

"बाई," काटकीची आई म्हणाली, "तुम्ही माझ्या दारात तीन वेळा आलात. मी म्हटलं, कोण ही बाई, हिला काय पडलंय. गाडी आली तेव्हा एकदा शाळेच्या दारात उभं राहायचं होतं."

बाईनं मान खाली घातली. एसटी लांबून येताना दिसत होती. बाई रस्त्याकडे बघत, कुणाला सांगतेय असं न दाखवता बोलली. उद्या पहाटे गाडी मुलींना परत आणणार. पाहुणे आले की पहिली रांग लागणार, नखं-तपासणीची. साहेबांचा तो लाडका कार्यक्रम. सगळ्या मुली हात पुढे करतात, पाहुणे एकेकीचे स्वच्छ हात बघतात, फोटो निघतात. उद्या चिंध्या बांधलेल्या मुलींना मागे उभं करायचं ठरलंय. हात मागे.

एसटी आली. काटकीची आई चढली. खिडकीतून बघितलं तर बाई अजून तिथेच उभी होती, आणि आता पदराशी खेळत नव्हती.

पुन्हा संध्याकाळ

प्लॉटावर पोचली तेव्हा तिच्या स्वतःच्या ओळीत धाकटी होती. सात वर्षांची. डोक्यावर आईचं फडकं, डोळे भुकटीनं लाल. तिनं धावत येऊन अंगठा पुढे केला. नख वाढवायला घेतलं होतं, कडेला जरासं पांढरं आलं होतं. अक्कानं सांगितलंय, ती म्हणाली, पुढच्या हंगामाला माझं काटकीएवढं होईल.

आईनं तिचा अंगठा तोंडात घेतला आणि ते नख दातानं कुरतडून थुंकून टाकलं.

धाकटीनं असा गळा काढला की सगळा प्लॉट थांबला. नख गेल्याचं दुःख एवढं मोठं असतं. आईवर मुठी आपटत होती, माझं नख दे म्हणत होती. बायका हसल्या. अक्का म्हणाली, वेड लागलं का गं तुला, शाळेत काय डोकं ठेवून आलीस?

"पोरीला आणली नाहीस," अक्का म्हणाली.

"नाही."

"आणि धाकटीचं?"

"तिच्या वाटची ओळही मी ओढते. माझी आणि तिची, दोन्ही."

अक्कानं खांदे उडवले. हात हवे होते, कुणाचे का असेनात.

मग काटकीची आई ओळीत शिरली, दोन वेण्यांच्या पोरीच्या बाजूला. सोललेली कळी, लाल दोरा, पुढची कळी. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ आली. ओठ न हलवता बोलायची कला या कामात सगळ्यांना येते.

"उद्या शाळेत रांग लागेल. हात पुढे करायला लावतील. तुम्हाला मागे उभं करतील. तुम्ही पुढे या. आणि चिंध्या आधी सोडा."

पोरीचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर अक्कानं बघितलं असतं.

"साहेब मारतील."

"पाहुण्यांसमोर नाही मारत."

"पाहुणे गेल्यावर?"

दोन झाडं गेली. तिसऱ्या झाडाशी काटकीची आई म्हणाली, "माझी पोरगी तिथेच आहे. मी साहेबांना शब्द देऊन आले की बोलणार नाही म्हणून. मारतील तर तुमच्या आधी तिला मारतील. मला ठाऊक आहे ते. तरी सांगते."

दोन वेण्यांच्या पोरीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. मग पलीकडच्या ओळीतल्या पोरीला काहीतरी पुटपुटली. तिनं तिच्या पलीकडचीला. ओळीओळीतून ते पुढे सरकत गेलं, अक्काच्या डोळ्यांदेखत, आणि अक्का कळ्या मोजत राहिली.

घरी नवऱ्याला सांगितलं नाही. तो खोकत होता. धाकटी फुगून भिंतीकडे तोंड करून झोपली. काटकीच्या आईला डोळा लागेना. आपण पोरीचं घर बांधलं की जाळलं, हे तिला कळत नव्हतं. एक तेवढं खरं होतं की घशाखाली काही उतरत नव्हतं. आयुष्यभर गिळलेलं सगळं आता वर येत होतं.

गाडी

पहाटे गाडी पोरींना घेऊन गेली. अक्का बजावत होती, दुपारी परत यायचं, संध्याकाळच्या कळीला हजर. सदरे इथेच ठेवून जा. पोरी निळ्या फ्रॉकमध्ये गाडीत चढल्या. शाळेत जाणाऱ्या पोरींसारख्या दिसल्या. खरं तर होत्याच.

दुपार झाली. गाडी नाही. ऊन कललं. कळ्या टोकाशी ताठ झाल्या. अक्का रस्त्यापर्यंत जाऊन बघून आली, पुन्हा गेली. मालकाचे फोन आले, अक्का प्रत्येक फोनला आणखी लहान होत गेली. बायका आपापल्या ओळी ओढत होत्या, पण पोरींच्या ओळी तशाच होत्या, कळ्यांनी लगडलेल्या.

अंधार पडायच्या बेताला गाडी आली. रिकामी. ड्रायव्हर खाली उतरला आणि आधी पाणी प्याला.

तो अक्काला सांगत होता, पण बायका सगळ्या जवळ आल्या. रांग लागली, तो म्हणाला. साहेब भाषण करत होते. मागच्या पोरी एकेक करत पुढे आल्या. चिंध्या जमिनीवर टाकल्या आणि हात पुढे केले. त्या पाहुण्यांतली एक म्हातारी बाई होती, तिनं एकीचा अंगठा हातात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग फोटो, मग विचारपूस. साहेब म्हणाले बागकाम करतात मुली. तेव्हा तिथली मास्तरीण पुढे आली. म्हणाली, या, बागकाम दाखवते. आणि नेलं त्यांना त्या भेंडीत. पाहुणे गेलेच नाहीत अजून. फाटकाशी खुर्च्या टाकून बसलेत. पोलिसांना बोलावलंय म्हणे. मला म्हणाले, गाडी कुणाची. मी आलो निघून.

"आणि पुढे कोण होतं?" काटकीच्या आईनं विचारलं. "रांगेत सगळ्यांत पुढे?"

ड्रायव्हर आठवायला लागला. "एक वाळकी पोरगी होती. तिची नखं तर चांगली होती. जखम नाही, काही नाही. तरी सगळ्यांत आधी हात काढून उभी. साहेबांनी दोनदा मागे ढकलली. दोनदा पुढे आली."

अक्काचे डोळे बायकांवरून फिरत फिरत आले आणि थांबले.

"कुणी शिकवलं त्या पोरींना?"

काटकीच्या आईला सवय होती. घसा गिळायला तयार झाला होता.

"मी," ती म्हणाली.

मग अक्का जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि काटकीच्या आईनं ते ऐकलंही नाही. एवढं कळलं की उद्यापासून या प्लॉटात पाऊल टाकायचं नाही, आजूबाजूच्या कुठल्याच नाही, मालक एकमेकांचे कोण लागतात ते तुला कळेलच. आणि उद्या या कळ्यांचं नुकसान कोण भरून देणार?

"कालपर्यंत पोरी होत्या ना," काटकीची आई म्हणाली. "त्यांच्या अंगठ्यांचं कुणी भरून दिलं?"

सकाळ

सकाळी ती फडकं आणि विळा आणायला प्लॉटावर गेली. आपलं होतं ते अक्काकडे कशाला सोडायचं. धाकटी मागे लागली होती. अजून बोलत नव्हती, पण मागे लागली होती.

बांधावर आल्यावर दोघी थांबल्या.

पोरींच्या ओळी फुलल्या होत्या. टोकापासून टोकापर्यंत, एकही कळी सोललेली नाही. पिवळट पांढरी फुलं, मोठी, तोंड उघडून बसलेली, मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. काटकीच्या आईनं लहानपणापासून या तुकड्यात काम केलं होतं. तिच्या आईनंही. हा तुकडा फुललेला तिनं कधी पाहिला नव्हता. पाहायची सोयच नव्हती.

पलीकडून अक्का ओरडत होती, तोडा, आधी ती तोडा, एकही ठेवू नका. दोन-तीन बायका ओळीत शिरल्या होत्या आणि कुठून सुरुवात करावी हे न कळून उभ्या होत्या.

धाकटी हळूच पुढे गेली. एका फुलाशी उभी राहिली. सवयीनं तिचा अंगठा वर आला, बुडाशी टेकला, आणि तिथेच राहिला. नख नव्हतं. तिनं अंगठा बघितला, आईकडे रागानं बघितलं. मग फुलात बोट घातलं. बाहेर काढलं तर ते पिवळंजर्द झालं होतं.

"आता याचं काय करायचं?" तिनं विचारलं. परवा संध्याकाळपासूनचं तिचं ते पहिलं बोलणं.

"काही नाही करायचं," आई म्हणाली. "चल. पहिली एसटी चुकेल."

"कुठे जायचंय?"

"तुझ्या बहिणीकडे."

विळा घेतला नाही. राहिला तिथेच, ओळीच्या तोंडाशी.